खंडणी भरायची की नाही: त्या बहात्तर तासांत तुम्ही काय केलंत?

माणगंगा (धागाकर्ता)

बरीच वर्षं हे लिहायचं राहून गेलं होतं. लांबेल, पण हे दोन ओळींत सांगता येणार नाही.

आमचे अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं त्यांनी माण आणि खटाव तालुक्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. एक छोटा व्हॉइस रेकॉर्डर, एसटीचं अर्धं तिकीट आणि पिशवीत चहा-साखरेचा पुडा, कारण ज्या घरी बसायचं त्या घराला चहाचा भार पडू नये. पळशी, बिदाल, मार्डी, कुकुडवाड अशी गावं त्यांनी पालथी घातली. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला अण्णांचा आवाज असायचा: आज तारीख अमुक, गाव अमुक, गाणाऱ्या बाईंचं नाव, माहेर, वय. मग जात्याची घरघर आणि ओवी. घरी येऊन रात्री ते उतरवून घ्यायचे आणि संगणकावर टाईप करायचे, तेव्हाच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये.

२०१८ मध्ये अण्णा गेले. जानेवारी २०२० मध्ये मी ठरवलं की हे सगळं युनिकोडमध्ये आणायचं, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर वाचता येईल. फॉन्ट बदलून देणारं एक विकतचं सॉफ्टवेअर होतं. मी ते विकत घेतलं नाही. एका साइटवर त्याची ‘फुल व्हर्जन’ फुकट मिळत होती. उतरवताना अँटीव्हायरसने अडवलं, तर त्या साइटवर लिहिलेलंच होतं की अँटीव्हायरस थोडा वेळ बंद करा. मी केला. पडद्यावर विंडोज अपडेट होत असल्याची खिडकी आली, टक्के पुढे सरकत होते. अपडेट चालू आहे तोवर जेवून घेऊ म्हणून उठलो. ती खिडकी खोटी होती. त्या वेळात आत प्रत्येक फाईलला कुलूप लागत होतं. बॅकअपची हार्डडिस्क त्याच संगणकाला जोडलेली होती, तिलाही लागलं.

परत आलो तेव्हा प्रत्येक फाईलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं चिकटलेली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक फाईल. तिची सुरुवातच अशी की काळजी करू नका, तुमच्या सगळ्या फायली परत मिळू शकतात. किंमत ९८० डॉलर. ७२ तासांत संपर्क केला तर निम्मी, म्हणजे ४९०. तेव्हाचे साधारण पस्तीस हजार रुपये. खात्री पटावी म्हणून एक फाईल फुकट उघडून देऊ, मात्र त्या फाईलमध्ये मोलाचं काही नसावं, असंही लिहिलेलं. ते वाक्य मी कितीदा वाचलं असेन. आमच्याकडच्या कुठल्या फाईलमध्ये मोलाचं काही नाही, हे मला ठरवायचं होतं.

पुढे कळलं की याचं नाव स्टॉप-डीजेव्हीयू. मोठ्या कंपन्यांच्या बातम्या पेपरात येतात, हा व्हायरस मात्र घरगुती माणसांनाच गाठायचा, आणि पसरायचा तो मुख्यतः अशा फुकटच्या सॉफ्टवेअरमधूनच.

आता मुद्द्याचं. पहिल्या रात्री मी घरात कुणालाही काही सांगितलं नाही. बंगळूरला दादा आहे, त्याच्यासाठी पस्तीस हजार मोठी रक्कम नव्हती. पण त्याला सांगायचं म्हणजे मी काय केलं तेही सांगावं लागणार. म्हणून मी एकट्यानेच, गुपचूप पैसे भरायचं ठरवलं. अण्णांच्या ओव्या परत मिळाव्यात हे कारण होतंच, पण घरात कळू नये हे कारण त्याहून मोठं होतं. हे मी आज कबूल करतो, कारण माझ्यासारखे पुष्कळ असतील असं मला वाटतं.

पैसे बिटकॉइन या आभासी चलनात द्यायचे होते, आणि तेव्हा बिटकॉइन घेणं सोपं नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकामुळे बँका अशा व्यवहारांना हात लावत नव्हत्या (ते परिपत्रक सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं, आमचं प्रकरण त्याच्या आधीचं). मग एका ग्रुपवर एक माणूस सापडला. आधी माझ्या खात्यावर पैसे टाका, तासाभरात बिटकॉइन देतो, म्हणाला. दुसऱ्या रात्री दोन वाजता मी मोबाईल हातात घेऊन रक्कम टाकत होतो. बायको पाणी प्यायला उठली आणि तिने विचारलं, एवढ्या रात्री कुणाला पैसे पाठवताय? तेव्हा मला बोलावंच लागलं.

सकाळी आम्ही आमच्या ओळखीच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने आधी त्या रीडमी फाईलमध्ये दिलेला आमचा आयडी बघितला. या व्हायरसला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं नाही तर तो सगळ्यांना एकच ठरावीक किल्ली वापरतो, तेव्हा आयडीच्या शेवटी टी आणि १ येतात, आणि ती किल्ली कधीतरी अभ्यासकांच्या हाती लागते. ऑक्टोबर २०१९ मध्ये एमसिसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीने या व्हायरसच्या १४८ प्रकारांसाठी मोफत साधन काढलं होतं. आमचा आयडी टी१ चा नव्हता आणि प्रकारही नवा होता. म्हणजे ते दार बंद.

मग त्याने ओव्यांची एक एमपीथ्री फाईल घेतली, तिच्या नावापुढची चार अक्षरं काढली आणि प्लेअरमध्ये टाकली. आधी काहीच नाही. मग एकदम जात्याचा आवाज आला आणि बाई गायला लागली.

हा व्हायरस घाईत असतो. प्रत्येक फाईलचा फक्त सुरुवातीचा दीडशे केबीचा भाग तो कुलूपबंद करतो. वर्डच्या लहान फाईलचा त्यात जीव जातो. पण वीस मिनिटांच्या एमपीथ्रीतले जेमतेम साडेनऊ-दहा सेकंद जातात. आमच्या जवळजवळ सगळ्या ओव्या वाचल्या. गेले ते पहिले दहा सेकंद, आणि त्या दहा सेकंदांत अण्णा होते. गाव, नाव, माहेर, तारीख. फायलींची नावं रेकॉर्डरने दिलेले नुसते आकडे.

आम्ही पैसे भरले नाहीत. लोक म्हणतात, बरं केलंत, चोरांपुढे झुकला नाहीत. मी तसा माणूस नाही. ओव्या ऐकू आल्यावर उरलेल्या गोष्टीची किंमत पस्तीस हजारांच्या खाली आली, एवढंच झालं. ती फाईल वाजली नसती तर मी त्याच दिवशी पैसे भरले असते.

तुमच्यापैकी कुणावर हे आलंय का? भरले की नाही, आणि खरं कारण काय होतं?

---

मिरजेचा_फोटोवाला

माणगंगा, वाचताना पोटात गोळा आला. मी भरले, म्हणून लिहितो.

एप्रिल २०२१. स्टुडिओत नेटवर्कवर चालणारा हार्डडिस्कचा डबा आहे, सगळ्या लग्नांचे फोटो त्यात. सकाळी बघतो तर प्रत्येक फोटो सेव्हन-झिपमध्ये (फायली आवळून बंद करायचं सॉफ्टवेअर) बंद आणि पासवर्ड मागतोय. क्यूलॉकर म्हणतात त्याला. मी काही फुकटचं उतरवलेलं नव्हतं. डब्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये भोक होतं आणि डबा इंटरनेटला उघडा होता.

मागणी ०.०१ बिटकॉइन. तेव्हाचे चाळीस हजारांच्या आसपास. त्यात अकरा लग्नं अशी होती की अल्बम द्यायचा बाकी. त्या काळात माणसं पटापट जात होती. एका लग्नातल्या नवरीचे आजोबा लग्नानंतर पंधरा दिवसांत कोरोनाने गेले होते. त्यांचे शेवटचे फोटो माझ्याकडे. आता मी त्या पोरीला जाऊन काय सांगू? की मी तत्त्वाने वागलो?

दुपारी चारला पैसे पाठवले, रात्री पासवर्ड आला, सगळं उघडलं. मला त्याची लाज वाटत नाही. स्वतःचे फोटो असते तर कदाचित भरले नसते. दुसऱ्याचं सामान आपल्याकडे ठेवायला असतं तेव्हा हिशेब बदलतो.

नंतर वाचलं की त्या टोळीने पाच दिवसांत दोन लाख साठ हजार डॉलर गोळा केले. एवढी कमी रक्कम का मागितली ते तेव्हा कळलं. चाळीस हजार म्हणजे एका लग्नाच्या ऑर्डरपेक्षा कमी. माणूस वकील गाठत नाही, पोलिसांत जात नाही, भावाला विचारत नाही. भरून टाकतो. दर लावणारा आपला खिसा बघूनच दर लावतो.

आणि हेही नंतरच कळलं की त्याच दिवसांत एका अमेरिकन अभ्यासकाला त्यांच्या पैसे घेण्याच्या साइटमध्ये चूक सापडली होती. टोळीने ती चूक बुजवेपर्यंत त्याने पन्नासेक जणांना फुकट पासवर्ड काढून दिले.

---

लॉगबुक

मी पुण्यात सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात काम करतो, आणि माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. शांतपणे मांडतो.

भरलेला प्रत्येक रुपया पुढच्या हल्ल्याचं भांडवल होतो, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. माझा मुद्दा वेगळा. तुम्ही कुणाला पैसे देताय आणि त्याच्याकडे तुमची किल्ली आहे का, हे तुम्हाला कळतच नाही.

मे २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आठवा. ३०० डॉलर, तीन दिवसांनी ६००. दीडशे देशांत पसरला. त्यात बिटकॉइनचे तीनच पत्ते होते, सगळ्या जगासाठी. तुम्ही भरलेत की शेजाऱ्याने, हे मागणाऱ्यालाच ओळखता येत नव्हतं. तरी लोकांनी भरले. त्यानंतर दीड महिन्याने नॉटपेट्या आला, ज्याने आपल्याकडे न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प केलं. त्यातही ३०० डॉलर मागितले होते. संपर्कासाठी दिलेला ईमेल पत्ता त्या मेल कंपनीने पहिल्याच दिवशी बंद केला. आणि तपासणीत दिसलं की मुळात किल्ली परत देण्याची सोयच त्यात नव्हती. ती खंडणीच्या वेषातली नासधूस होती. ज्यांनी भरले त्यांचे गेले.

उलट बाजूही सांगायला हवी. २०१३ मध्ये क्रिप्टोलॉकर नावाच्या अशाच व्हायरसने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या स्वान्सी गावच्या पोलीस ठाण्यालाच गाठलं. पोलिसांनी ७५० डॉलर भरून दोन बिटकॉइन घेतले आणि फायली सोडवल्या. पोलिसांनी. म्हणून एकट्यादुकट्या माणसाला मी कधी दोष देत नाही. पण त्याच क्रिप्टोलॉकरच्या किल्ल्या पुढच्या वर्षी तपास यंत्रणांच्या हाती लागल्या आणि ऑगस्ट २०१४ पासून लोकांना फुकट मिळाल्या. ज्यांनी कुलूपबंद फायली पुसून टाकल्या होत्या, त्यांना किल्ली मिळूनही उपयोग नव्हता.

मे २०१६ मध्ये टेस्लाक्रिप्ट नावाचा व्हायरस चालवणाऱ्यांनी स्वतःच दुकान बंद केलं. एका अँटीव्हायरस कंपनीच्या अभ्यासकाने त्यांच्याच चॅटवर जाऊन सरळ विचारलं, मुख्य किल्ली देता का? त्यांनी ती जाहीर करून टाकली, वर माफीही मागितली.

त्यामुळे माझ्याकडे कुणी आलं की भरू नका हे मी दुसऱ्यांदा म्हणतो. पहिल्यांदा म्हणतो, काहीही पुसू नका. ती डिस्क काढा, कागदात गुंडाळा, तारीख लिहा आणि कपाटात ठेवा. मग नो मोअर रॅन्सम या साइटवर जा. युरोपोल, डच पोलीस आणि दोन अँटीव्हायरस कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये ती सुरू केली. तिथे एखादी कुलूपबंद फाईल चढवली की व्हायरसचा प्रकार आणि मोफत किल्ली आहे की नाही ते कळतं.

---

निशिगंधा

लॉगबुक, माहिती मोलाची आहे. पण ‘थांबा, दोन-तीन वर्षांत किल्ली मिळेल’ हे ज्याचं गेलेलं नाही त्यालाच म्हणता येतं.

ऑक्टोबर २०१८ मधली एक गोष्ट सांगते. सीरियातल्या एका बापाने ट्विटरवर लिहिलं की त्याची मुलं युद्धात गेली, त्यांचे फोटो संगणकावर होते, गँडक्रॅब नावाच्या व्हायरसने ते बंद केले आणि सुटकेसाठी ६०० डॉलर मागितलेत. त्याच्याकडे ६०० डॉलर नव्हते. त्याच्यापुढे भरू की नको हा प्रश्न नव्हताच. भरायची कितीही इच्छा असली तरी भरता येत नव्हते.

ते गँडक्रॅबवाल्यांपर्यंत पोचलं. त्यांनी सीरियातल्या सगळ्यांच्या किल्ल्या फुकट जाहीर केल्या आणि सीरियाला आधीच वगळलं नाही ही आपली चूक झाली म्हणाले. काही दिवसांतच बिटडिफेंडर ही अँटीव्हायरस कंपनी, रुमानियाचे पोलीस आणि युरोपोल यांनी मिळून बाकीच्या देशांसाठीही मोफत साधन काढलं.

मला यात त्यांची दयाबुद्धी दिसत नाही. दुसऱ्या कुठल्या देशातला बाप असता तर त्यांनी उत्तरही दिलं नसतं. पण एक गोष्ट खरी आहे, तो माणूस बोलला. माझ्यावर हे आलंय, माझ्याकडे पैसे नाहीत, हे त्याने उघड सांगितलं. माणगंगा, तुम्ही दोन रात्री गप्प होतात आणि तुमच्या वहिनी, चुकले, तुमच्या मिसेस उठल्या नसत्या तर ते पस्तीस हजार त्या ग्रुपवरच्या माणसाच्या खात्यात गेले असते. व्हायरसवाल्यापर्यंत ते पोचलेही नसते.

---

माणगंगा

निशिगंधाताई, अगदी बरोबर. आठ दिवसांनी तो माणूस त्या ग्रुपवरून नाहीसा झाला. आणखी दोघांनी त्याला पैसे दिले होते, त्यांना काहीच मिळालं नाही.

फोटोवाले, तुमचं ‘दुसऱ्याचं सामान’ मनाला लागलं. आईही त्या सकाळी हेच म्हणाली होती. ‘ओव्या तुझ्या अण्णांच्या न्हाईत, त्या बायांच्या हायेत. त्या बाया आता न्हाईत. तू त्यांना इचारणार हैस का, पैसं देऊ का म्हणून?’ मला तेव्हा कळलं नव्हतं की ती भर म्हणतेय की नको म्हणतेय. मला अजून कळलेलं नाही, आणि ती विचारू देत नाही.

---

खाकीबाहेर

पोलीस खात्यातून निवृत्त आहे, शेवटची काही वर्षं सायबरचं काम बघितलं. एक-दोन गोष्टी.

लोक तक्रार का देत नाहीत, याचं उत्तर धागाकर्त्यांनी दिलंच आहे. चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं म्हणून आपल्यालाच आत टाकतील ही भीती. माझ्या समोर एक रिटायर्ड मुख्याध्यापक दोन तास बसून होते, पण संगणकात ते कसं आलं हे सांगेनात. त्यांना वाटत होतं मी त्यांच्या शाळेत कळवीन. खंडणी मागितली गेलेला माणूस हा फिर्यादी असतो. निर्धास्त या. एखाद्या ठाण्यात टोलवाटोलवी होते, नाकारत नाही. मग जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात जा किंवा केंद्राच्या सायबर क्राईम पोर्टलवर स्वतः नोंदवा. बिटकॉइन देतो म्हणून कुणी पैसे उकळले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइन क्रमांकावर लगेच फोन करा. पैसे खात्यांतून फिरत असतात तोवरच अडवता येतात.

तक्रारीने फाईल सुटते का, असं लोक विचारतात. एरवी नाही सुटत. पण डच पोलिसांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये काय केलं ते ऐका. डेडबोल्ट नावाचा व्हायरस होता, फोटोवाल्यांच्या डब्यासारख्याच डब्यांवर यायचा. त्यात पैसे आल्याचं दिसलं की किल्ली आपोआप मिळायची, व्यवहार पक्का व्हायची वाट न बघता. पोलिसांनी पैसे पाठवले, किल्ली घेतली आणि व्यवहार पक्का व्हायच्या आत पैसे परत ओढले. अशा १५५ किल्ल्या काढल्या. आणि त्या पोचल्या ज्यांनी तक्रार नोंदवली होती त्यांच्याकडे. जो गप्प बसला त्याचं नाव-गावच कुणाकडे नव्हतं.

---

उत्तरेकडची_खिडकी

हेलसिंकीहून लिहितेय. इथलं एक प्रकरण थोडं वेगळं आहे, पण प्रश्न तोच.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या वास्तामो या मानसोपचार केंद्राच्या हजारो रुग्णांना थेट ईमेल आले. आधी केंद्राकडे खंडणी मागितली होती, ती मिळाली नाही. मग एकेका रुग्णाला: २४ तासांत २०० युरो बिटकॉइनमध्ये द्या, नाही तर ५००, नाही तर तुम्ही तुमच्या थेरपिस्टला सांगितलेलं सगळं जाहीर करू.

माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला तो ईमेल आला. इथे लोक आपलं खासगी फारसं बोलत नाहीत. ती माझ्या टेबलाशी आली, फोन पुढे धरला आणि म्हणाली, हे वाच. त्यात तिचा राष्ट्रीय ओळख क्रमांक होता. तिने भरले नाहीत. कारण विचारलं तर म्हणाली, फाईलला कुलूप असतं तर किल्ली विकत घेतली असती. इथे तो मला गप्प बसण्याचं वचन विकतोय. ते त्याला रोज नव्याने विकता येईल.

तिचं बरोबर होतं. तोवर त्याच्याच चुकीने सगळी माहिती डार्क वेबवर, म्हणजे इंटरनेटच्या लपलेल्या भागात, जाऊन पडली होती. ज्यांनी भरले त्यांना काहीच मिळालं नाही. एप्रिल २०२४ मध्ये त्याला सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. मैत्रीण निकालाच्या दिवशी कामावर आली होती. एक शब्द बोलली नाही, फक्त दुपारी माझ्यासोबत बाहेर चालायला आली.

---

लॉगबुक

निशिगंधाताई, तुमचा राग रास्त आहे. ‘थांबा’ म्हणणं मला सोपं आहे हे मान्य.

एक सावधगिरी राहिली. ‘आम्ही फाईल सोडवून देतो’ म्हणणारे मधले लोक. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं की आपल्या तंत्राने डेटा सोडवतो म्हणणाऱ्या कंपन्या मागच्या दाराने खंडणीच भरत होत्या आणि वर आपली फी लावत होत्या. ज्याला तत्त्वासाठी भरायचं नव्हतं त्याच्याही पैशाने खंडणी भरली जात होती. आपल्याकडेही कुणी ‘शंभर टक्के रिकव्हरी’ म्हटलं तर कोणत्या पद्धतीने, हे लिहून मागा.

आणि माणगंगा, तो संगणक पुसला असेल अशी आशा आहे. स्टॉप-डीजेव्हीयूसोबत बहुधा पासवर्ड चोरणारा दुसरा व्हायरसही यायचा. लोक फायलींच्या दुःखात असतात आणि ईमेल, बँकेचे पासवर्ड बदलायचे राहून जातात.

---

प्रबंध_२

नवीन सदस्य आहे. हा धागा शोधता शोधता सापडला. आज पहाटे माझ्या लॅपटॉपवर हेच झालं. रीडमी फाईल, हजारेक डॉलर, ७२ तासांत निम्मे. पीएच.डी.चा प्रबंध आहे, विद्यापीठात जमा करायला सतरा दिवस उरलेत. रेफरन्सचं सॉफ्टवेअर मी फुकटचं घेतलं होतं. घरी सांगितलेलं नाही. मिस्टरांकडे पैसे मागितले तर देतील, पण आधीच खूप खर्च झालाय. आयडी बघितला, टी१ नाही. साठ तास राहिलेत. काय करू?

---

निशिगंधा

बाई गं, आधी पाणी पी. मग घरी सांग. आजच, आत्ता. पैशासाठी नाही, एकटी बसू नकोस म्हणून.

---

माणगंगा

ताई, तो ७२ तासांचा आकडा त्यांचा आहे. तो संपला तर भाव दुप्पट होतो म्हणे, फाईल मरत नाही. सतरा दिवस हा तुमचा आकडा आहे, त्यावर चाला.

प्रबंध स्वतः टाईप केलात की डीटीपीवाल्याकडून करून घेतलात? त्याच्याकडे प्रत असते, ते लोक पुसत नाहीत. गाईडना प्रकरणं कशी पाठवत होतात? ईमेलच्या ‘पाठवलेले’ मध्ये बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असेल तर समोरच्याच्या फोनमध्ये असेल. प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह दिला होता का, तिथे डेस्कटॉपवर पडलेलं असतं. मुलाखतींची रेकॉर्डिंग असतील आणि ती एमपीथ्री असतील तर माझ्यासारखं करून बघा. आधी प्रत काढा, मूळ फाईलला हात लावू नका.

हे सगळं करून उद्या संध्याकाळी वहीत दोन रकाने करा. काय मिळालं, काय नाही. मग उरलेल्याची किंमत काढा. तेव्हा भरावंसं वाटलं तर इथे कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही.

---

मिरजेचा_फोटोवाला

मी तर मुळीच ठेवणार नाही. फक्त पहिल्या दिवशी भरू नका. मी भरले, ती घाई चुकली.

---

प्रबंध_२

सगळ्यांचे आभार. रात्री मिस्टरांना सांगितलं. चिडले नाहीत, लॅपटॉप उघडून माझ्याशेजारी बसले.

सात प्रकरणांपैकी पाच डीटीपीवाल्याकडे आहेत, मार्चपर्यंतच्या दुरुस्त्यांसह. सहावं सरांच्या ईमेलमध्ये मिळालं, जुनं आहे पण आहे. सातवं आणि निष्कर्ष नाहीत. त्यांचं टिपण माझ्या वहीत आहे, पेन्सिलने. तक्त्यांची फाईल कुठेच नाही, आणि ते काम चार महिन्यांचं होतं. त्यासाठी अजून मन ओढतंय, खोटं नाही सांगत.

हार्डडिस्क काढून कपाटात ठेवली, तारीख लिहिली. सरांशी उद्या मुदतवाढीचं बोलणार आहे. त्यांना कसं झालं तेही सांगणार आहे. आज पोर्टलवर तक्रार नोंदवली.

एक विचारू का? माणगंगा, त्या ओव्यांची नावं सापडली का?

---

माणगंगा

सगळी नाही.

अण्णांच्या दोन वह्या आईच्या ट्रंकेत निघाल्या, त्यातून साठेक जणींची लागली. बाकीच्यांसाठी आम्ही रेकॉर्डिंग मोबाईलवर घेऊन गावोगाव जातो, मी आणि आई. पारावर किंवा मंदिरात बसतो आणि लावतो. ओवीतच कधी भावाचं नाव येतं, कधी माहेरचं गाव, त्यावरून म्हाताऱ्या बायका माग काढतात. बिदालला एकीने दोन ओव्या ऐकल्यावर हात वर केला आणि म्हणाली, थांबव. मग म्हणाली, परत पहिल्यापासून लाव, ही माझी सासू हाय.

मी परत पहिल्यापासून लावलं. आधी दहा सेकंद काहीच ऐकू येत नाही, ते तिला सांगायला मी विसरलो. ती मोबाईल कानाशी धरून तशीच थांबली होती.

अजून एकशेचाळीस फायली बाकी आहेत. पुढच्या रविवारी कुकुडवाडला जातोय. त्या बाजूचं कुणी इथे असेल तर निरोप द्या.